हवेवरची दावण

आमच्या भागात कुणी पिकअप घेतली, की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "पाटे किती वाढवले?" गाडी केवढ्याला पडली, हप्ता किती बसला, हे सगळं नंतर. कंपनीनं दिलेल्या पाट्यांवर गाडी चालवायची असते, यावर आमच्याकडं कुणाचा विश्वासच नाही. कागदावर दीड टन लिहिलेलं असतं आणि टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या बाजाराकडं निघालेल्या गाड्यांचे क्रेट बघितले तर तो कागद कुणी वाचला असेल असं वाटत नाही. त्यामुळं नवी गाडी खंडोबाच्या पाया पडायच्या आधी कमानवाल्याच्या दारात उभी राहते.

पाट्याचं काम तसं साधं. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवलेल्या, सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्याखाली उतरत्या मापाचे बाकीचे. ओझं आलं की कमान सरळ होते, ओझं गेलं की परत वाकते. पाटा वाढवला म्हणजे गाडी जास्त वजन झेलते, पण रिकामी असताना ती दगडासारखी उडते. मोठ्या वजनासाठी केलेल्या कमानीला थोडं वजन कळतच नाही. टोमॅटोच्या क्रेटला याचं सोयरसुतक नसतं. बैलाला असतं, आणि आमचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

आमचं घर मंचरच्या पूर्वेला, गाव लहान. मी पुण्यात एका खाजगी बसगाड्यांच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली आणि मग गावी परत आलो. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, जन्मभर शेती केली आणि बैल पळवले. खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या यात्रांचे घाट ज्यानं पाहिलेत त्याला वेगळं सांगायला नको. ज्यानं पाहिले नाहीत त्याच्यासाठी एवढंच, की चढाचा एक लांब पट्टा असतो, त्यावर बिनमाणसाचा हलका गाडा घेऊन बैल सुटतात, पुढं घोडी पळते, भंडारा उधळतो आणि सगळा हिशेब सेकंदांत होतो. तेवढ्यासाठी माणूस वर्षभर खुराक घालतो. मला स्वतःला बैलाच्या अंगावर काठी पडलेली बघवत नाही, आणि कोर्टानं जे नियम घातले ते बरे झाले असं माझं मत आहे. दादापुढं हे मी दोनदा बोललो. दोन्ही वेळा तो उठून गोठ्यात गेला.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. दादाची दावण दोन-तीन वर्षांत रिकामी झाली. कामाला ट्रॅक्टर होता, पळायला घाट नव्हता, मग बैल ठेवायचे कशाला? तो कुणाला काही बोलला नाही, पण संध्याकाळी रिकाम्या गव्हाणीजवळ जाऊन उभा राहायचा. वहिनी म्हणायच्या, "तिथं काय देव हाये का?" डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी पुतण्यानं टोमॅटोच्या पैशातून दोन खिल्लार आणले. एकाचं नाव सोन्या, दुसऱ्याचं लक्ष्या. दादा सत्तरीला आलेला, पण त्या दिवशी त्यानं स्वतः दावं बांधलं.

त्याच्या जवानीत बैल यात्रेला चालत जायचे. आदल्या दिवशी उन्हं कलली की निघायचं, वाटेत ओळखीच्या वस्तीवर वैरणपाणी करायचं, पहाटे घाटाखाली. आता कोण चालवतो? हायवेवर चार पदरी वाहनं, रात्री बैल घेऊन निघालं तर परत येईल याची खात्री नाही. म्हणून पुतण्यानं गाडी बघितली. त्याला पाहिजे होती कमी उंचीच्या हौद्याची, म्हणजे बैलाला चढायला सोपी. आणि त्याला सापडली एका शहरी पोरानं हौसेनं बसकी केलेली जुनी पिकअप.

गाडी दारात आली तेव्हा मी खाली वाकून बघितलं. मूळ गाडीत मागचे पाटे एक्सलच्या वर बसतात. या पोरानं ते एक्सलच्या खाली घेतले होते, वर एक-दोन पाटे काढूनही टाकले होते. गाडी पाचेक इंच खाली आली होती आणि रिकामी असताना दिसायला खरंच देखणी होती. पण एक्सल आणि चॅसिस यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं जागा उरलेली. दोन बैल चढले की ती चार बोटंही संपायची. मग प्रत्येक खड्ड्याला एक्सल वर येऊन रबरी गुटख्यावर आदळायचा आणि तो दणका सरळ हौद्यात जायचा.

सोन्या दुसऱ्या फेरीनंतर गाडीजवळ यायला तयार होईना. पहिल्या यात्रेला तो उतरला तेव्हा त्याचे पुढचे पाय थरथरत होते. दादानं गुडघ्यांवरून हात फिरवला आणि पुतण्याकडं न बघता म्हणाला, "ह्यो पळायला आलाय का मार खायला?" त्या दिवशी सोन्याला जुंपलं नाही. प्रवासात माणूस सीट धरतो, पुढचा खड्डा बघून अंग सैल सोडतो. बैलाला पुढचं दिसत नाही. तो चारी पायांवर ताठ उभा, जे येईल ते खुरातून गुडघ्यात आणि गुडघ्यातून खांद्यात. तासाभराच्या वाटेत किती स्पीडब्रेकर आहेत ते मोजून बघा, आमच्याकडं वस्ती तिथं एक आहे.

पुतण्याकडं यावर उपाय तयार होता. तो मोबाईलवर अमेरिकेतल्या पोरांच्या गाड्या बघत बसतो. पिकअपच्या पोटाखाली रबराचे फुगे, बटण दाबलं की गाडी जमिनीला टेकते, परत दाबलं की उठते. तो म्हणाला, "नाना, आपण हेच करू. चॅसिसला एक्सलच्या वर अर्धगोल खाच मारायची, म्हंजे एक्सलला वर यायला जागा होती. भोसरीत एक जण मारून देतो म्हणलाय."

हे खूळ नाही. त्या देशात याला बराच जुना इतिहास आहे. कॅलिफोर्नियात गाड्या बसक्या करायची हौस इतकी वाढली, की 1958 साली तिथं कायदा झाला : गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला तेलाच्या दाबावर चालणारे पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. पुढं तेलाच्या जोडीला हवा आली आणि पिकअपवाल्यांनी ती उचलून धरली. चॅसिसला खाच मारतात तेही खरं. पण ते जाणकार मारतात, खाचेभोवती जाड पत्र्याचा आधार देतात, आणि त्यांच्या हौद्यात बहुधा काही नसतं.

फुग्याची आणखी एक गोम पुतण्याला मोबाईलनं सांगितली नव्हती. पाटा दोन कामं करतो. वजन झेलतो आणि एक्सलला जागेवर धरून ठेवतो. फुगा फक्त वजन झेलतो. पाटे काढून नुसते फुगे ठेवले तर एक्सल पुढंमागं आणि आडवा कुठंही जाईल. त्याला धरायला लांब दांडे लागतात, आडवा एक दांडा लागतो, त्यांचे कोन चुकले तर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. म्हणजे एक खाच मारायची म्हणून बसलं की गाडीचं अर्धं बूड नव्यानं बांधावं लागतं. आणि आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येणार नाही. चॅसिस कापलेली गाडी कुठं पलटी झाली तर विमा कंपनी दारात उभी करणार नाही.

आम्ही ओट्यावर यावर दोन संध्याकाळी भांडलो. पुतण्याचं म्हणणं, नानांना बसमधलं जुनं तेवढंच माहीत. माझं म्हणणं, जुनं असलं तरी त्याच्यावर रोज पन्नास माणसं बसायची. दादा सुपारी कातरत गप्प. शेवटी अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, "जू खांद्याला बसवायचं आस्तं. जू बसंना म्हणून खांदा तासत न्हाईत."

खाचेचा विषय तिथं मिटला.

हवेवर गाडी तोलायची कल्पना आमच्या गावाला नवी नव्हती, फक्त ती चाकात होती. माझ्या लहानपणी घरची बैलगाडी लाकडी चाकांची, बाहेरून लोखंडी धाव. आख सरळ साटीखाली, मध्ये कमान नाही, काही नाही. फुफाट्यात बरी, खडकाळ वाटेला दात वाजायचे. मग रबरी टायरची गाडी आली, तिला सगळे डनलॉप म्हणायचे. हा डनलॉप कोण, हे मला वर्कशॉपात गेल्यावर कळलं. आयर्लंडात बेलफास्टला जनावरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकीला दणके बसू नयेत म्हणून त्यानं 1888 साली हवेचा टायर केला. दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाला, "जनावराचा डाक्टर व्हता, म्हणून त्याला सुचलं."

बसमधला फुगा मी पहिल्यांदा उघडला तो 2001 नंतर, व्होल्वो गाड्या रस्त्यावर आल्यावर. जाड रबराची पिशवी, आत धाग्यांचे थर, वर-खाली लोखंडी चकत्या. एक्सलला जोडलेली एक दांडी असते. माणसं चढली, गाडी दबली, की दांडी फिरते, व्हॉल्व्ह उघडतो आणि फुग्यात हवा जाते. माणसं उतरली, की जादा हवा बाहेर. गाडीची उंची तीच राहते आणि खरी गंमत म्हणजे तिची चालही तीच राहते. पाट्याचा ताठपणा ठरलेला, ओझं असो नसो. फुग्यात ओझ्याप्रमाणे दाब वाढतो, दाबाबरोबर ताठपणा वाढतो, म्हणून रिकामी बस आणि भरलेली बस जवळपास एकाच लयीत झुलतात. कधी दोन बैल, कधी एकच, कधी नुसती वैरण नेणाऱ्या गाडीला याच्यापेक्षा दुसरं काय पाहिजे?

मग आम्ही मधला रस्ता काढला. पहिल्यांदा त्या शहरी पोराची करामत उलटवली, पाटे परत एक्सलच्या वर घेतले. गाडी मूळ उंचीला आली, पुतण्याचा चेहरा पाच इंच खाली गेला. मेन पाटा आणि त्याच्या जोडीचे ठेवले, म्हणजे एक्सल धरायचं काम त्यांच्याकडं. खालचे जाड, मोठ्या ओझ्याचे पाटे काढले आणि ते काम फुग्यांना दिलं. दोन्ही बाजूंना चॅसिस आणि एक्सलच्या मध्ये एकेक फुगा. वरचा ब्रॅकेट चॅसिसच्या आधीच्या भोकांतून बोल्टनं कसला. वेल्डिंग नाही, नवं भोक नाही. एका फुग्यापासून सायलेन्सरचा पाइप जवळ जात होता, तिथं मध्ये पत्र्याचा आडोसा दिला, नाहीतर रबर भाजून निघतं. सीटखाली बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, फ्यूज आणि रिले लावून. हौद्याखाली हवेची टाकी. ड्रायव्हरच्या समोर दोन काट्यांचा गेज.

दोन काटे कशाला, एकाच पाइपला फाटा काढून दोन्ही फुगे जोडू, असं पुतण्या म्हणत होता. पैसे वाचत होते. पण वळणावर बैल एका बाजूला रेलला, की त्या बाजूच्या फुग्यातली हवा पळून दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी आणखीच कलते. आपण पडत असताना शेजाऱ्यानं हात काढून घ्यावा तसं. म्हणून डावी लाइन वेगळी, उजवी वेगळी. शॉकअपही नवे घेतले, कारण फुगा उसळी मारतो आणि ती उसळी थांबवायचं काम त्याचं नाही. सगळं मिळून 38 हजार गेले. कागदाचं काम मात्र तेवढ्यावर भागलं नाही. फुगा हा बदलच, त्याची नोंद करून द्या म्हणून पुतण्यानं रीतसर अर्ज केला. तो अर्ज कितीतरी महिने या टेबलावरून त्या टेबलावर झुलत होता, आणि त्याला शॉकअप नव्हता.

पहिल्या रात्री काटे 40 वर ठेवून झोपलो. सकाळी डावा 12 वर. पुतण्यानं पाइप हॅक्सॉनं तिरका कापला होता. तिरक्या टोकाला फिटिंगमधलं रबर नीट धरत नाही. साबणाच्या पाण्याचा फेस करून ब्रशनं सांध्यांवर लावला, एका ठिकाणी बारीक बुडबुडे आले. ब्लेडनं सरळ कापून परत बसवला. पुढं तो प्रत्येक सांध्याला आठवड्यातून एकदा फेस लावायला लागला. पोरगं दाढी एवढ्या नियमानं करत नाही.

आता दाब किती ठेवायचा? पुस्तकात बैलाचा आकडा नाही. सोन्या साडेचारशे किलोच्या आसपास, लक्ष्या थोडा कमी. म्हणून पन्नास किलोच्या अठरा गोण्या कांदा भरला, मध्ये पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली ठेवली आणि गावाच्या रस्त्यावर तीच फेरी तीनदा मारली. 60 ला बादली अर्धी सांडली. 20 ला गाडी खाली टेकत होती, बादली आडवीच झाली. 35 ला वरचं चार बोटं पाणी गेलं, बस. मला वाटलं झालं काम. दादा म्हणाला, "कांद्याला गुडघं आस्त्यात का?"

त्यानं चपला काढल्या, गोण्या उतरवल्यावर बैलाच्या जागी हौद्यात लावलेल्या चटईवर जाऊन उभा राहिला, हातात दावं धरतात तसा दोर धरला आणि म्हणाला, चला. सत्तरीचा माणूस. वहिनी दारातून ओरडत होत्या. आम्ही एका माणसाच्या वजनाला शोभेल एवढा दाब उतरवला आणि सावकाश मंचरच्या बाजूला निघालो. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी मागच्या काचेतून बघत होतो. तो डोळे मिटून उभा होता. परत आल्यावर त्यानं फक्त एवढं सांगितलं, की ब्रेक लागतो तेव्हा वजन सगळं पुढच्या पायांवर येतं, ते फुग्यानं काही कमी होत नाही, ते ह्या पोराच्या पायात आहे. तेव्हापासून बैल असताना पुतण्या गाडी अशी चालवतो की मागचे हॉर्न वाजवून दमतात.

शेवटचा अडथळा आम्हा तिघांच्याही हिशेबात नव्हता. बैल चढवायच्या वेळी हवा सोडायची, हौदा दोन-अडीच इंच खाली येतो, बांधाला लावलेला फाळका जवळजवळ सपाट होतो. कल्पना उत्तम. सोन्याला फाळक्यापर्यंत आणलं, पुतण्यानं बटण दाबलं, आणि गाडीखालून मोठ्यानं फुस्स आवाज आला. सोन्या चार पावलं मागं उडाला, दोर दादाच्या हातातून निसटला. गवतातून असा आवाज आला तर कुठलाही शहाणा बैल हेच करील. बस बांधणाऱ्यांना याचा विचार करायचं कारण नव्हतं, त्यांच्या प्रवाशांनी फूत्कार ओळखायला शिकलेलं नसतं.

हवा बाहेर पडायच्या नळीला आम्ही जुना लोकरी पायमोजा गुंडाळला. आवाज निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यासाठी पुतण्यानं आठ-दहा दिवस गाडी गोठ्याशेजारी उभी केली आणि रोज पेंड घालायच्या वेळी बटण दाबायला लागला. फुस्स आणि पेंड, फुस्स आणि पेंड. आठव्या दिवशी आवाज झाला की लक्ष्या गव्हाणीकडं तोंड करायला लागला. सोन्याला आणखी चार दिवस लागले. तेराव्या दिवशी दादानं दोर सैल सोडला. सोन्यानं फाळका हुंगला, एक खूर ठेवला, काढला, परत ठेवला, आणि चढला.

जनावरांच्या वाहतुकीच्या नियमात गाय-बैलाला प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा सांगितली आहे, त्यामुळं हौद्यात दोनच बैल, मध्ये आडवा बांबू, खाली भाताचा पेंढा. त्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदा जुन्नरकडच्या एका यात्रेला निघालो. पुतण्या गाडी चालवत होता, मी गेजवर डोळा ठेवून, दादा मध्ये. दोन्ही काटे 35 ला. कळंब मागं पडलं, नारायणगाव आलं. बारी किती सेकंदांत होईल, नंबरात बसू का, फळी फुटंल का, हे पुतण्या एकटाच बोलत होता. दादा वळून वळून मागच्या काचेतून बघत होता. बैल घाबरला की रवंथ थांबवतो, हे त्याला कुणी सांगायला नको. आळेफाट्याच्या अलीकडं एक स्पीडब्रेकर आला, गाडी सावकाश झुलली आणि स्थिर झाली. दादानं मला कोपरानं ढोसलं. मी मागं बघितलं. लक्ष्या नुसता उभा होता. सोन्याचे डोळे अर्धे मिटलेले, आणि जबडा सावकाश एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालला होता.